शिवदासची नारळविद्या

कोरगावच्या शिवदासला नारळातलं सगळं कळतं, असं कोरगावात एकच माणूस मानत असे आणि तो म्हणजे शिवदास. बाकीचे ऐकून घेत. रोज सकाळी पणजीच्या बसमध्ये त्याच्या शेजारी बसायचं म्हटल्यावर ऐकून घेण्याला इलाज नव्हता. बस काही लवकर पोचत नसे, आणि शिवदासचं नारळपुराण प्रवासाहून लांब होतं. हे सगळं आता तो स्वतःच सांगतो, सांगताना आपल्यालाच दोन शिव्या हासडून घेतो, म्हणून आपणही संकोच न करता सांगायला हरकत नाही.

तर खेळ असा. नारळी पौर्णिमेला चोपड्याला नदीकाठी नारळ लढवतात. एकाने सोललेला नारळ दोन्ही मुठींत घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर टोला हाणायचा, मग पाळी बदलायची. ज्याचा फुटला तो हरला आणि त्याचा फुटका नारळ जिंकणाऱ्याच्या पिशवीत गेला. एकदा घेतलेला नारळ बदलता येत नाही. असं करत करत शेवटी ज्याचा नारळ अखंड राहील तो त्या वर्षाचा मानकरी. संध्याकाळी सोनेरी कागद लावलेला नारळ नदीला द्यायचा मान त्याचा, आणि गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचं तेही त्यानेच. चोपडं म्हणजे शिवदासची सासुरवाडी. लग्न झाल्यापासून तो तिथे दर वर्षी नारळ घेऊन जात होता आणि दर वर्षी हरून परत येत होता.

पण हरल्याने त्याचं शास्त्र कधी डळमळलं नाही. नारळ लांबट हवा. माडाच्या उगवतीकडच्या पेंडीतला हवा. वरून टाकायचा नाही, दोरीने उतरवायचा. आतलं पाणी अर्धं आटलेलं हवं, म्हणजे कानाशी हलवल्यावर तो ‘बोलतो’. आणि करवंटीवर टिचकी मारली की आवाज कपाळासारखा यायला हवा. कपाळासारखा म्हणजे कसा, असं बसमधल्या एका भल्या माणसाने विचारलं तेव्हा शिवदासने त्याच्याच कपाळावर टिचकी मारून दाखवली होती. त्या गृहस्थाने दुसऱ्या दिवसापासून पुढची बस धरली.

एवढी विद्या असताना माणूस हरतो कसा, याचंही उत्तर शिवदासकडे तयार असे. एका वर्षी समोरच्याचा हात ओला होता. एका वर्षी ऐन टोल्याच्या वेळी कुणीतरी शिंकलं. गेल्या वर्षी प्रज्योत नावाचा होडीवाला जिंकला, ते तर निव्वळ नशीब, कारण त्याने नारळ सकाळी दुकानातून आणला होता आणि एकदाही हलवून बघितला नव्हता. मात्र कधीतरी चुकूनमाकून शिवदासने पहिली फेरी मारली, की ती पारख असायची. जिंकलं की आपली अक्कल, हरलं की नशीब. हा हिशेब त्याला इतका स्वाभाविक वाटत होता, की त्यात काही खोट आहे हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

ते लक्षात आणून दिलं त्याच्या मुलीने, क्षमाने.

क्षमा बुद्धिबळ खेळायची. लहानपणी शाळेतून एक ढाल घेऊन आली तेव्हा शिवदासने ती बसमधल्या सगळ्यांना दाखवली होती. पुढे ती राज्यभर खेळली, आणि आता डिचोलीच्या एका क्रीडा मंडळाने तिला मुलांना शिकवायला बोलावलं होतं. पगार बेताचा, पण रोजचा वर्ग, आपली खोली, आपले विद्यार्थी. क्षमाला जायचंच होतं. शिवदासचं म्हणणं, तिने सरकारी कारकुनाच्या परीक्षेला बसावं, पणजीच्या कचेरीत चिकटावं आणि बुद्धिबळ रविवारी खेळावं.

“खेळाच्या जिवार पोट भरूचां म्हणजे सगळो नशिबाचो कारभार गो,” तो म्हणाला. “आज पोरां येतली, फाल्या येवची नाय.”

“बाबा, बुद्धिबळात फासे नाय, पत्ते नाय,” क्षमा म्हणाली. “सगळां समोर उघडां आसता. हरलंय तर ती माझीच चूक आसता. नशिबाचो खेळ बघूचो आसलो तर तुमचे नारळ बघा.”

शिवदासला कुणी त्याच्या तोंडावर अडाणी म्हटलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

“नारळ ही विद्या आसा!”

“मगे जिंकान दाखवा,” क्षमा म्हणाली. “तुमची विद्या खरी आसली तर यंदा चोपड्याक जिंका. जिंकलात तर मी परीक्षेक बसतंय, बुद्धिबळाचां नाव काढूचंय नाय. हरलात तर डिचोलेक जातंय आनी तुमी एक शब्द बोलूचो नाय.”

शिवदासच्या बायकोचा, म्हणजे देवकीचा भाऊ विठ्ठल त्या वेळी ओट्यावर चहा पीत बसला होता. त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, “मी साक्षीदार.” विठ्ठलला एखादी गोष्ट कळली की चोपड्याला वेगळी दवंडी पिटावी लागत नसे. संध्याकाळपर्यंत पैज गावभर झाली.

क्षमाने पैज उगाच लावली नव्हती. बापाचे इतक्या वर्षांचे सगळे सामने तिने डोळ्यांनी पाहिले होते, आणि समोरच्याचे जुने डाव अभ्यासल्याशिवाय ती पटावर बसत नसे. तिच्या मते हा डाव सुरू होण्याआधीच तिने जिंकला होता.

इकडे शिवदास कामाला लागला. परसातल्या माडाखाली उभा राहून त्याने वर चढलेल्या पाडेल्याचं डोकं खाल्लं. तो नको, त्याच्या पलीकडचा. तो नको, त्याच्या मागचा. शेवटी एक नारळ दोरीने उतरवला, सोलून शेंडी राखली आणि तांदळाच्या डब्यात ठेवला, म्हणजे दमट हवा लागायला नको. रोज कचेरीतून आल्यावर तो डब्यात हात घालून नारळ बाहेर काढायचा, हलवायचा, टिचकी मारायचा आणि पुन्हा तांदळात पुरायचा. देवकीला भातात शेंडीचे केस मिळायला लागले तेव्हा ती म्हणाली, “माझ्याकडे लग्नानंतर इतक्या मायेन बघलां नाय कोणी.” शिवदासने तेही ऐकलं नाही. पौर्णिमेच्या दिवशी सकाळी त्याने नारळ देवापुढे ठेवला, त्याला कुंकवाचा टिळा लावला आणि फडक्यात गुंडाळून देवकीच्या पिशवीत केळ्यांवर अलगद ठेवला.

चोपड्याला पोचल्या पोचल्या विठ्ठलने त्याला हाताला धरून नदीकाठी नेलं. मांडव बघ, माणसं बघ, यंदा कोण कोण आलंय बघ. पिशवी देवकीबरोबर स्वयंपाकघरात गेली. गरम उंडे, म्हणजे गोल पाव, आणि पातळ भाजी खाऊन शिवदास पिशवी घ्यायला आत आला तेव्हा विठ्ठलची बायको पार्वती खोबरं किसत बसली होती आणि देवकीने पिशवी स्वतः उचलून त्याच्या हातात दिली. नारळावरचा टिळा थोडा फराटल्यासारखा दिसला. दमट हवा, शिवदासने मनाशी म्हटलं. नारळ हातात घेतला, हलवला. नारळ बोलला. टिचकी मारली. आवाज कपाळासारखा आला. इतका कपाळासारखा आवाज आयुष्यात ऐकला नव्हता असं तो त्या दिवशी निदान दहा जणांना सांगत होता.

आणि मग तो जिंकायला लागला.

पहिला आला तो शिवोलीचा एक दुकानदार. त्याचा नारळ पहिल्याच टोल्याला उभा चिरला. शिवदासने मान तिरकी करून, हे व्हायचंच होतं, असा चेहरा केला. दुसऱ्याचा फुटला. तिसऱ्याने तीन टोले हाणले. शिवदासच्या मनगटाला मुंग्या आल्या, पण नारळ जसाच्या तसा. माणसं जमायला लागली. शिवदास आता प्रत्येक फेरीआधी थोडं व्याख्यान देऊ लागला. नारळाचं नाक कुठे असतं, शिरा कशा ओळखायच्या, टोला खांद्यातून यायला हवा की कोपरातून. लोक ऐकत होते, आणि या वेळी त्यांना कुठलीही बस पकडायची नव्हती.

शेवटी प्रज्योत. गेल्या वर्षीचा मानकरी, हात वल्ह्यासारखे. पहिला टोला त्याचा. खाड! शिवदासने डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा दोन्ही नारळ शाबूत. मग शिवदासने हाणला. प्रज्योतच्या मुठीतून पाणी गळायला लागलं. क्षणभर कुणाला कळेना पाणी कुठून येतंय, मग सगळा काठ ओरडला. विठ्ठलने मेव्हण्याला उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. कुणीतरी झेंडूची माळ गळ्यात घातली.

माळेतून मान काढून शिवदासने क्षमाला शोधलं. ती मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. ती टाळ्या वाजवत होती, कारण ती खेळाडू होती आणि हरल्यावर टाळ्या वाजवायची तिला सवय होती. पण तिचा चेहरा बघून शिवदासचा आनंद कुठेतरी अडखळला. इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो आला होता, आणि त्याला नीट हसताही येत नव्हतं. त्याने ते माळेवर ढकललं.

जेवायला बसले तेव्हा पार्वतीने पानात नारळीभात वाढला. शिवदासने घास घेतला आणि खुलला.

“वयनी, नारळ खंयचो हो? कितें गोड खोबरां!”

“अवो भावोजी, तुमीच हाडलेलो न्हय?” पार्वती कुलेराने आणखी भात वाढत म्हणाली. “पिशयेत केळी, साखर आनी नारळ होतो. कुंकू लायलेलो. म्हटलां तायन देवापुढे ठेवन ओटीक हाडलो. पावण्यांचो म्हणान पयलो तोच फोडलंय.”

शिवदासचा हात पानावर थांबला.

“कुंकू लायलेलो?”

“व्हय तर. पण भावोजी, राग मानू नकात, इतकी पातळ करवंटी मी जल्मात बघूक नाय. कोयती घेवक गेलंय, तेच्या आदीच हातातसून सुटान पायरीर पडलो नि दोन कुडके!”

शिवदासने देवकीकडे बघितलं. देवकी जनेलातून बाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक कोंबडी होती.

“मगे मी लढवलंय तो खंयचो?”

“मागल्या दारातल्या ढिगातलो,” देवकी कोंबडीवरची नजर न काढता म्हणाली. “तुमी आरडाओरड करशात म्हणान कुंकू लावन ठेवलंय. म्हटलां दर वर्सा हरतात, कुठल्याय नारळान हरशात.”

त्यानंतर शिवदासने पानातला भात संपवला, कारण पान टाकून उठणं बरं दिसत नाही. आपलीच विद्या आपण वेलचीकेशरासकट चावून खातोय, हे त्याला प्रत्येक घासाला कळत होतं. त्यातून ती गोड लागत होती, हा आणखी अपमान.

हात धुताना त्याला उगाचच त्याच्या नोकरीची मुलाखत आठवली. आपण कशी सडेतोड उत्तरं दिली आणि साहेब कसे खूश झाले, हे घरात त्याने क्षमाला लहानपणापासून ऐकवलं होतं. खरी गोष्ट अशी, की त्या जागेला दोघांना बोलावलं होतं आणि दुसरा आलाच नाही. साहेबांनी विचारलं होतं, तुमच्या पेडण्याकडे पाऊस कसा आहे. शिवदास म्हणाला होता, बरा आहे. एवढीच मुलाखत. त्या माणसाची बस चुकली असेल, तो आजारी पडला असेल, देवाला ठाऊक. पण तो आला असता तर आपलं काय झालं असतं, ही धास्ती शिवदासने जन्मभर पोटात वागवली होती. तीच धास्ती आता तो मुलीच्या डोक्यावर ठेवत होता आणि तिला शहाणपण म्हणत होता. हे असं सरळ मनात आल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ओले हात तसेच धोतराला पुसत तो क्षमाला शोधायला निघाला.

ती मागल्या पायरीवर बसली होती. शिवदास शेजारी बसला आणि सगळं सांगितलं. पातळ करवंटी, ढीग, कुंकू, काही राखलं नाही. क्षमा इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“तू विश्वास ठेवतंय मां?” त्याने विचारलं.

“ठेवतंय तर. तुमका नारळातलां कळणा नाय हां माका पयलीच म्हायत होतां.” मग तिचं हसू उतरलं. “पण पैज ती पैज, बाबा. मी म्हटलंय जिंकलात तर. जिंकलात. सगळ्या गावासमोर जिंकलात. बुद्धिबळात मोहऱ्याक हात लायलो काय तां हलवूकच व्हया. आता गाव म्हणतला, शिवदासाच्या चेडवान हरल्यार शब्द फिरवलो.”

“आगो, पण मीच सोडतंय तुका!”

“बापाशीन दया केली, असांच म्हणतले मगे. तां माका नको.”

ती उठून आत गेली. शिवदासला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. मग त्याच्या लक्षात आलं, की गावासमोर बांधलेलं गावासमोरच सोडायला हवं. त्यात काय अवघड? लोकांना खरं सांगितलं की झालं.

तो ओट्यावर गेला. विठ्ठल आणि चारपाच मंडळी पानसुपारी खात बसली होती. शिवदास उभा राहिला आणि म्हणाला, “आयका, माका नारळातलां काय कळणा नाय. आज जिंकलंय तां फकत नशिबान.”

मग एका म्हाताऱ्याने सुपारी दाढेखाली सारली.

“बघा,” तो म्हणाला, “खरो जाणकार असोच बोलता.”

“अवो, खरांच! नारळ पण माझो नव्हतो, ढिगातलो होतो!”

“ढिगातलो घेवन जिंकलो!” विठ्ठल ओरडला. “आयकलात? भावोजींचो हातच तसो!”

शिवदासने इतकी वर्षं आपण हुशार आहोत हे लोकांना पटवायचा प्रयत्न केला होता आणि ते कधी पटलं नव्हतं. आता आपण मूर्ख आहोत हे पटवायला गेला तर तेही पटेना. त्याला वाटलं, यापुढे कुणाला काही पटवायच्या भानगडीत पडू नये.

एक उपाय उरला होता. प्रज्योतला सकाळची हार डाचत होती आणि तो नवा नारळ घेऊन आला होता. “काका, एक डाव. नुसती गंमत.” शिवदास आनंदाने तयार झाला. सगळ्यांसमोर सडकून हरायचं, की झाली विद्येची बोंब. नारळाची सगळ्यात कच्ची बाजू डोळ्यांची, हे त्याचंच शास्त्र सांगत होतं. त्याने मुद्दाम डोळ्यांची बाजू वर करून तोच ढिगातला नारळ धरला, तोही सैल, दोन हातांत पोपट धरावा तसा. प्रज्योतने दात आवळून टोला हाणला.

प्रज्योतचा फुटला.

ओट्यावर जो गदारोळ झाला त्यात शिवदासचं “अरे नाय, अरे देवा” कुणालाच ऐकू आलं नाही. “डोळ्यांचे बाजून धरलो! डोळ्यांचे बाजून!” म्हाताऱ्याची सुपारीच पडली. दोन पोरं लगेच नारळ घेऊन डोळ्यांच्या बाजूने धरून बघायला लागली. पुढच्या वर्षी अख्खं चोपडं डोळे वर करून लढवणार, हे शिवदासला स्पष्ट दिसलं. आणि दाराच्या चौकटीत क्षमा उभी होती, कपाळाला हात लावून.

ज्याला जिंकायचं शिकता आलं नाही त्याला हरायचंही जमलं नाही. शिवदास ओट्याच्या कोपऱ्यात बसून राहिला.

उन्हं उतरली तशी ढोल-ताशे वाजवत माणसं नदीकडे निघाली. शिवदासच्या हातात सोनेरी कागदाचा नारळ होता. नदी भरतीची होती, पाणी पायऱ्यांवर चढलं होतं. होड्यांना फुलं बांधली होती. तो गुडघाभर पाण्यात उतरला, मागे वळून उभा राहिला, आणि ढोल थांबले.

आता गाऱ्हाणं. मानकऱ्याने एकेक मागणं मोठ्याने देवापुढे मांडायचं आणि गावाने एका आवाजात “व्हय म्हाराजा” म्हणायचं. गावाने एकदा तसं म्हटलं की ते देवासमोर झालं, मग त्यावर कुणी वाद घालत नाही. या दिवसासाठी शिवदासने न्हाणीघरात किती वेळा सराव केला होता हे देवकीला विचारावं. गाऱ्हाणं त्याला तोंडपाठ होतं.

“बा देवा म्हाराजा!” त्याने सुरुवात केली. “आज नारळी पुनवेच्या दिसाक तुझी लेकरां तुझ्या पायांकडे इली आसत!”

“व्हय म्हाराजा!”

“होडयेक वारो दी, जाळ्याक मासो दी, शेताक पाऊस दी!”

“व्हय म्हाराजा!”

आवाज अंगावर आला तसा शिवदास थांबला. समोर सगळं गाव हात जोडून उभं होतं, तो पुढे काय म्हणतो त्याला होकार द्यायला. त्याने घसा खाकरला.

“बा म्हाराजा! हो जो शिवदास तुझ्याफुडे उबो आसा, तेका नारळातलां कायएक कळणा नाय!”

“व्हय म्हाराजा!” गाव म्हणालं. सवयीने म्हणालं, मग काही तोंडं उघडीच राहिली. विठ्ठलने इकडेतिकडे बघितलं.

“आज जो नारळ जिंकलो तो पार्वतीवयनीच्या ढिगातलो, आनी तो जिंकलो तां नशिबान!”

“व्हय म्हाराजा!” या वेळी पार्वतीचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

“शिवदासान निवडलेलो नारळ पायरीर पडान फुटलो, आनी आमी तो भातात घालून खाल्लो!”

“व्हय म्हाराजा!” आता लोक हसत होते, पण देवाचं काम होतं, म्हणून हसता हसताही सगळे म्हणत होते. म्हातारा तर दोन्ही हात वर करून म्हणत होता.

“तेच्या चेडवान पैज लायली ती तेच्या विद्येर. विद्याच नाय म्हाराजा, तर पैज खंयची? ती पैज ह्या गावासमोर मोडान टाक!”

“व्हय म्हाराजा!”

शिवदासचा आवाज इथे चिरकला. पुढचं त्याने ठरवलं नव्हतं.

“बा म्हाराजा, माझ्या चेडवाची विद्या खरी आसा. माका ती माझ्या भयाक लागून दिसली नाय. तिका डिचोलेक जावक दी, थंयच्या पोरांक शिकवक दी. ती हरली तर हरांदी, पण माझां भय तिच्या वाट्याक येवचां नको!”

“व्हय म्हाराजा!”

सगळं गाव म्हणालं. देवकी म्हणाली, ते त्याला वेगळं ऐकू आलं. पण ज्या आवाजासाठी तो कान देऊन उभा होता तो आला नव्हता. क्षमा बायकांच्या मागे पायरीच्या टोकाला उभी होती, हात जोडलेले, ओठ मिटलेले. शिवदास नारळ धरून तसाच उभा राहिला. माणसं कुजबुजायला लागली, ढोलवाल्याने विठ्ठलकडे बघितलं, पाणी त्याच्या मांडीपर्यंत आलं, तरी त्याचा हात नारळ सोडेना.

मग मागून तिचा एकटीचा आवाज आला, जरा भिजलेला, पण खणखणीत.

“व्हय म्हाराजा!”

शिवदासने नारळ पाण्यात सोडला.